कीटूल: किल्ली पाच मिनिटांत होते, सांभाळायची असते पंचवीस वर्षं

कीटूल, म्हणजे अ‍ॅपवर डिजिटल सही करायची किल्ली बनवणारं साधन, सुरू केलं की पहिला प्रश्न पासवर्डचा येतो, आणि तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपकाही नाही. टीममध्ये नव्याने आलेल्यांना मी रिलीज शिकवायला बसते तेव्हा पहिली शंका नेमकी इथेच निघते: "ताई, कीबोर्ड अडकला का?" अडकलेला नाही, टाइप करत राहा, असं सांगते. सहा अक्षरांपेक्षा छोटा पासवर्ड ते घेत नाही. घेतलेला पुन्हा एकदा टाइप करायला लावतं. मग ओळीने सहा प्रश्न: नाव-आडनाव, विभाग, संस्था, शहर, राज्य आणि देशाचं दोन अक्षरी चिन्ह. शेवटी सगळी उत्तरं एका ओळीत मांडून विचारतं, हे बरोबर आहे का? कंसात आधीच 'नो' लिहिलेलं असतं. घाईत नुसतं एंटर दाबलं की प्रश्न पहिल्यापासून सुरू. बिघडलेलं काही नसतं, मागची उत्तरं त्याने लक्षात ठेवलेली असतात, पण पहिल्या खेपेला प्रत्येक जण इथे एक फेरी जास्तीची मारतोच.

अँड्रॉइड अ‍ॅप साइन करण्यासाठी, म्हणजे त्यावर ही सही करण्यासाठी, मी हे साधन दहा वर्षांहून जास्त काळ वापरते आहे. आमची टीम लहान आहे आणि रिलीजचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांनी त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण नवीन मुलांना आयती कमांड कुठूनही मिळते, ती चिकटवली की फाइल तयार होते, आणि आपण नेमकं काय तयार केलं हे कोणीच त्यांना सांगत नाही. कीटूलही सांगत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

आधी साधनाची ओळख. कीटूल जावा या भाषेच्या जेडीकेबरोबर, म्हणजे तिच्यात प्रोग्रॅम लिहायच्या साधनसंचाबरोबर, येतं, वेगळं बसवावं लागत नाही. जेडीके १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून, ते आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला २००८ मध्ये. म्हणजे हे साधन मोबाइल अ‍ॅपसाठी घडवलेलंच नाही. सर्व्हर, जार फाइली (जावा प्रोग्रॅमचे गठ्ठे), कंपन्यांच्या आतल्या यंत्रणा अशा सगळ्यांसाठी किल्ल्या आणि सर्टिफिकेटं (किल्ली कोणाची ते सांगणारी प्रमाणपत्रं) बनवून पेटीत ठेवायचं ते एक सर्वसाधारण अवजार आहे. त्याच्यावर बोट ठेवताना हे लक्षात ठेवायला हवं. आपण एका जुन्या, भक्कम अवजाराकडून नव्या कामाची जाण मागतो आहोत.

अ‍ॅपसाठी चालवायची आज्ञा छोटी आहे. जेनकीपेअर हा पर्याय, कीस्टोअर फाइलचं, म्हणजे किल्ल्यांच्या पेटीचं, नाव, एलियस म्हणजे पेटीतल्या किल्लीचं नाव, आल्गोरिदम म्हणजे किल्लीची गणिती पद्धत आरएसए, लांबी २०४८ बिट आणि मुदत १०००० दिवस. यातला कोणता आकडा का आहे ते बघण्यासारखं आहे. मुदत लिहायला विसरलात तर कीटूल न विचारता ९० दिवस धरतं. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला ते ठीक असेल, अ‍ॅपला अजिबात नाही. प्ले स्टोअरची अट अशी की सर्टिफिकेट २२ ऑक्टोबर २०३३ नंतरही वैध असलं पाहिजे, आणि अँड्रॉइडचा सल्ला आहे किमान २५ वर्षांचा. १०००० दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर साडेचार महिने, म्हणून तो आकडा सगळीकडे दिसतो. आल्गोरिदमचीही तीच गत होती. जुन्या जेडीकेमध्ये तो सांगितला नाही तर गुपचूप डीएसए हा दुसरा आल्गोरिदम घेतला जायचा. जेडीके १२ पासून तो पर्याय लिहिणं सक्तीचं झालं. हा बदल मला मनापासून आवडला. इतक्या महत्त्वाच्या जागी साधनाने अंदाज बांधूच नये.

त्या सहा प्रश्नांबद्दल एक सांगते. तिथे तुम्ही काय लिहिता याची कीटूल शहानिशा करत नाही. देशाच्या जागी काहीही खरडलं तरी चालतं. आणि म्हणूनच लोक तिथे बेफिकीर असतात. पण तुम्ही लिहिलेलं ते नाव सर्टिफिकेटमध्ये कायमचं कोरलं जातं आणि सर्टिफिकेट अ‍ॅपच्या प्रत्येक प्रतीबरोबर जगभर जातं. ज्याच्याकडे तुमची एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, आहे तो ते वाचू शकतो. नंतर ते बदलायचं तर किल्लीची ओळखच बदलते. टीममधल्या एखाद्या मुलाने हौसेने स्वतःचं पूर्ण नाव आणि शहर टाकलेलं मी पाहिलं आहे. तो सोडून गेला तरी अ‍ॅपवर त्याचं नाव राहिलं. मी तिथे फक्त टीमचं नाव लिहिते, बाकी रकाने शक्य तितके मोकळे.

तयार काय होतं? एक खाजगी किल्ली, आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली असलेलं एक सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट त्याच किल्लीने स्वतःच साइन केलेलं असतं. वेबसाइटला सर्टिफिकेट देणारी एखादी मान्यताप्राप्त संस्था असते, ती सांगते की हे डोमेन याच मालकाचं. इथे असा मधला साक्षीदार कोणी नाही. फोन तुम्ही कोण आहात हे विचारतच नाही. तो एवढंच पाहतो की आज आलेलं अपडेट काल ज्याने अ‍ॅप दिलं त्याच्याच हातचं आहे का. जुन्या कागदावरची सही आणि नव्या कागदावरची सही ताडून बघावी तसं. जुळली तर अपडेट बसतं आणि अ‍ॅपच्या आतला सगळा डेटा जागच्या जागी राहतो. नाही जुळली तर फोन अपडेट नाकारतो. दुसरी कुठलीही ओळख, ईमेल, खातं, पुरावा, काही चालत नाही. ती एक फाइल हीच तुमची ओळख.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०१५ मध्ये आमचं एक छोटं अ‍ॅप होतं, रक्तातली साखर रोज नोंदवायचं. वापरणारे बहुतेक साठीच्या पुढचे. अक्षर मोठं, बटणं मोठी, आणि नोंदी फक्त फोनमध्येच, कारण आजारपणाची माहिती आपल्या सर्व्हरवर नको असं आम्ही ठरवलं होतं. पहिली आवृत्ती ज्या सहकाऱ्याने साइन करून चढवली तो पुढे दुसरीकडे गेला. त्याचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला गेला. त्यात त्याची काही चूक नव्हती. कीस्टोअर कुठे ठेवायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काही महिन्यांनी नव्या अँड्रॉइडवर तारखेची खिडकी उघडताच अ‍ॅप बंद पडायला लागलं. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ती केली, साइन करायला बसले आणि लक्षात आलं की फाइल नाहीच.

आम्ही आठवडाभर शोधलं. जुन्या ईमेलच्या जोडण्या, पेन ड्राइव्ह, कोणाकोणाच्या मशीनवरचे फोल्डर. एलियसचं नाव सापडलं, पासवर्डही एका वहीत सापडला, पेटी मात्र नाही. नवीन कीस्टोअर करून त्यात नाव, शहर, एलियस, पासवर्ड सगळं जसंच्या तसं भरलं तरी उपयोग शून्य, कारण किल्ली ही त्या माहितीवरून बनत नाही, ती प्रत्येक वेळी नव्याने यादृच्छिक आकड्यांतून जन्मते. त्यावेळी किल्ली बदलून देणारी कोणतीही सोय नव्हती. शेवटी पॅकेजचं नाव बदलून तेच अ‍ॅप नवीन म्हणून चढवलं. जुन्या अभिप्रायांवर पाणी सोडलं, ते चालण्यासारखं होतं. पण लोकांच्या नोंदी जुन्या अ‍ॅपमध्ये अडकल्या. नोंदी बाहेर काढायचं बटण जुन्या अ‍ॅपमध्ये घालावं म्हटलं तर तेही एक अपडेटच, आणि अपडेट साइन कशाने करणार? तांत्रिक आडवाटा होत्या, पण सत्तर वर्षांच्या माणसाला फोन केबलने जोडून कमांड चालवा असं सांगता येत नाही. एका बाईंनी कळवलं की त्यांनी वडिलांच्या दीड वर्षाच्या नोंदी एकेक करून वहीत उतरवून घेतल्या. त्या रागावल्या नव्हत्या. नवीन अ‍ॅपमध्ये पुन्हा भरू, डॉक्टरांना आलेख बघायचा असतो, एवढंच लिहिलं होतं. तो निरोप मी अजून जपून ठेवला आहे.

म्हणून माझी तक्रार पुन्हा सांगते. कीटूल किल्ली तयार करताना काय छापतं? इतक्या बिटची आरएसए जोडी आणि इतक्या दिवसांचं सर्टिफिकेट या नावासाठी तयार करत आहे, एवढंच. ही फाइल हरवली तर ती परत तयार होणार नाही, हिची प्रत ठेवा, अशी एक ओळ तिथे नाही. इशारे देणं त्याला जमत नाही असंही नाही. जुन्या जेकेएस प्रकारातली पेटी उघडली की ते सांगतं, हा प्रकार खास जावापुरता आहे, पीकेसीएस-१२ मध्ये हलवा, आणि हलवायची पूर्ण आज्ञाही लिहून देतं. इतक्या आपुलकीने फाइलच्या प्रकाराबद्दल बोलणाऱ्या साधनाने फाइलच्या मोलाबद्दलही एक वाक्य बोलावं, इतकंच मागणं आहे.

हे प्रकारांचं प्रकरणही नवीन माणसाला गोंधळात टाकतं, तेव्हा त्यावर थोडं थांबते. जावा ८ पर्यंत कीटूल न सांगता जेकेएस प्रकारची पेटी बनवायचं. २०१७ च्या जावा ९ पासून पीकेसीएस-१२ बनवतं, जो प्रकार जावाबाहेरची साधनंही वाचतात. फाइलच्या नावाच्या शेपटीवर जाऊ नका. नाव काहीही ठेवता येतं आणि आतला प्रकार वेगळाच निघतो. जेकेएसमध्ये पेटीचा एक पासवर्ड आणि आतल्या किल्लीचा दुसरा असे दोन वेगळे ठेवता यायचे. पीकेसीएस-१२ मध्ये कीटूल ते होऊ देत नाही. किल्लीचा वेगळा पासवर्ड दिलात तर तो बाजूला ठेवल्याचा इशारा देऊन पेटीचाच वापरतं. तो इशारा वाचला नाही आणि अ‍ॅप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या सायनिंग सेटिंगमध्ये आपण दिलेला दुसरा पासवर्ड टाकला की बिल्ड पडतं. माणूस मग पासवर्ड विसरलो या भीतीने घाबराघुबरा होतो. विसरलेला नसतो, तो पासवर्ड कधी लागूच झालेला नसतो.

माझी स्वतःची एक संध्याकाळ याच घराण्यातल्या दुसऱ्या अडचणीत गेली. माझ्या मशीनवर जेडीके १७ होतं, बिल्डच्या मशीनवर जेडीके ८ ची जुनी आवृत्ती. माझ्याकडे सहज उघडणारं कीस्टोअर तिकडे उघडेना. संदेश म्हणाला, इंटिग्रिटी, म्हणजे फाइल शाबूत असल्याची, तपासणी फसली. मला वाटलं फाइल पाठवताना खराब झाली. तीनदा पाठवली, दोन्हीकडचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारे आकडे) ताडले, अगदी सारखे. शेवटी संदेशाचा दुसरा अर्धा भाग नीट वाचला, त्यात एचमॅक-पीबीई-शा-२५६ नावाचा आल्गोरिदम उपलब्ध नाही असं म्हटलं होतं. जेडीके १६ पासून पीकेसीएस-१२ पेटीचं एन्क्रिप्शन मजबूत केलं गेलं आणि जुन्या जावाला ते कळत नाही. जेडीके ८ ची पुढची, ३०१ नंतरची आवृत्ती टाकली आणि प्रश्न मिटला. बदल योग्यच होता, जुनं एन्क्रिप्शन खरोखर कमकुवत होतं. पण संदेशाचे पहिले शब्द माणसाला फाइल बिघडल्याच्या दिशेने धाडतात. आणि जिची दुसरी प्रत नाही अशी फाइल बिघडली असं वाटणं फार वाईट असतं.

आता चांगल्या बाजूकडे वळते, ती मोठी आहे.

कीटूल पासवर्ड घेण्याच्या बाबतीत समजूतदार आहे. स्टोअरपास पर्यायात पासवर्ड थेट लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासात उघडा पडतो. पण त्याच पर्यायाला विसर्गचिन्ह देऊन एन्व्ह किंवा फाइल जोडता येतं, म्हणजे पासवर्ड पर्यावरण-चलातून (मशीनवर आधी ठेवलेल्या मूल्यातून) किंवा वेगळ्या फाइलमधून वाचला जातो. स्वयंचलित बिल्डसाठी मी कायम हेच वापरते. बऱ्याच जणांना ही सोय ठाऊकच नाही, कारण आयत्या कमांडींमध्ये ती कधी दिसत नाही.

आणि त्याचा लिस्ट हा पर्याय! व्ही जोडून चालवला की पेटीत काय आहे ते स्वच्छ दिसतं: एलियस, तयार केल्याची तारीख, मालकाचं नाव, मुदत कधीपासून कधीपर्यंत, आणि शा-१ व शा-२५६ असे सर्टिफिकेटचे फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारे छोटे आकडे. किल्ली करून झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला हा पर्याय चालवायचा आणि मुदतीचं साल डोळ्यांनी वाचायचं, हा माझा नियम आहे. ९० दिवसांची चूक तिथेच पकडली जाते.

फिंगरप्रिंटचं महत्त्व मला एका लॉगिनच्या भानगडीने कळलं. गूगल खात्याने लॉगिन करायची सोय अ‍ॅपमध्ये घातली होती. माझ्या फोनवर चालायची, मी हाताने दिलेल्या एपीकेवर सगळ्यांकडे चालायची, आणि प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या त्याच आवृत्तीत चालायची नाही. कोड तोच, आवृत्तीचा आकडा तोच. दोन दिवस मी कोडच तपासत राहिले. चूक माझ्या नोंदणीत होती. लॉगिनसाठी अ‍ॅपच्या सर्टिफिकेटचा शा-१ आधी नोंदवावा लागतो आणि मी माझ्या कीस्टोअरचा नोंदवला होता. पण प्ले अ‍ॅप सायनिंग चालू असलं की लोकांच्या फोनवर पोचणारं अ‍ॅप माझ्या किल्लीने साइन झालेलं नसतं. माझी किल्ली फक्त चढवण्यापुरती, ती अपलोड की. प्ले स्टोअर ती सही तपासतं आणि स्वतःकडच्या खऱ्या सायनिंग कीने पुन्हा साइन करून लोकांना देतं. तो दुसरा फिंगरप्रिंट प्ले कन्सोल या अ‍ॅप चढवायच्या गूगलच्या वेबसाइटमध्ये अ‍ॅप सायनिंगच्या पानावर असतो. तो नोंदवला आणि लॉगिन सुरू झालं. वेबच्या लिंक थेट अ‍ॅपमध्ये उघडण्यासाठी सर्व्हरवर ठेवायच्या असेटलिंक्स फाइलमध्येही शा-२५६ लागतो, तिथेही हीच चूक होते. खरं तर फिंगरप्रिंट तीन धरून चालावं, कारण तुम्ही रोज चाचणीसाठी फोनवर टाकता ते बिल्ड डीबग म्हणजे चाचणीपुरत्या कीस्टोअरने साइन होतं. ते अँड्रॉइड स्टुडिओ हे अ‍ॅप लिहायचं साधन आपल्या आपण बनवतं, त्याचा पासवर्ड 'अँड्रॉइड' हाच असतो आणि तो साऱ्या जगाला माहीत असतो. म्हणून त्या किल्लीने साइन केलेलं काही बाहेर देऊ नये. प्ले स्टोअर ते घेतही नाही.

इथे कीटूलची एक मर्यादा सांगायला हवी. त्याच्या प्रिंटसर्ट पर्यायाला जारफाइल जोडून एपीके दिली की सर्टिफिकेट दिसतं, असं जुन्या लेखांमध्ये लिहिलेलं असतं. ते फक्त जुन्या, व्ही-१ पद्धतीच्या सहीला लागू आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ बरोबर व्ही-२ पद्धत आली, तिच्यात सगळ्या एपीकेवर एकत्र सही होते. फक्त अशी सही असलेली एपीके कीटूलला दाखवली तर ते म्हणतं, ही साइन केलेली जार फाइल नाही. आपली सही राहिली की काय म्हणून पोटात गोळा येतो. अशा वेळी एपीके-साइनर हे अँड्रॉइडच्या बिल्ड-टूल्समधलं साधन वापरा. त्याच्या व्हेरिफाय पर्यायाला प्रिंट-सर्ट्स जोडलं की खरं काय ते कळतं. व्ही-१ वरच विसंबणं बरं नाही हे डिसेंबर २०१७ मध्ये जानस नावाच्या त्रुटीने दाखवून दिलं होतं: तिच्यात सही न मोडता एपीकेच्या पुढ्यात दुसरा कोड चिकटवता येत होता.

प्ले अ‍ॅप सायनिंगबद्दल माझं मत विचाराल तर मी त्याच्या बाजूची आहे. २०१७ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आलं आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅपना सक्तीचं झालं. त्याचा खरा आधार हरवण्याच्या दिवशी कळतो. अपलोड की गेली तर नवीन कीस्टोअर करायचं, कीटूलच्या एक्सपोर्ट पर्यायाला आरएफसी जोडून सर्टिफिकेट पीईएम या मजकुरी फाइलमध्ये काढायचं, आणि खात्याच्या मालकाने कन्सोलमधून किल्ली बदलायची विनंती करायची. नवी की थोड्या काळाने लागू होते. लोकांच्या फोनवरच्या अ‍ॅपला याचा पत्ताही लागत नाही. २०१५ मध्ये हे असतं तर ती वही कोणाला लिहावी लागली नसती.

मोल मात्र आहेच. खरी सायनिंग की दुसऱ्याच्या ताब्यात जाते. तुम्ही तेच अ‍ॅप आणखी कुठून, स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा दुसऱ्या स्टोअरमधून देत असाल आणि तिथे माझ्यासारखी स्वतःच्या किल्लीची सही करत असाल, तर दोन्हीकडच्या सह्या जुळत नाहीत आणि एकीकडच्या माणसाला दुसरीकडचं अपडेट बसत नाही. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा असतो: सायनिंग की स्वतः कीटूलने बनवायची, पीईपीके या साधनाने एन्क्रिप्ट करून प्ले स्टोअरला द्यायची, आणि मूळ आपल्याकडे ठेवायची. मी आता प्रत्येक नव्या अ‍ॅपला असंच करते. यात सांभाळायच्या दोन किल्ल्या होतात, सायनिंगची आणि अपलोडची, आणि दोन्हींसाठी पेटी वेगळी व पासवर्ड वेगळा. एकाच पेटीत दोन एलियस ठेवायचा मोह आवरा. अपलोडची पेटी बिल्ड मशीनवर जाते, सायनिंगची कधीच जाता कामा नये.

हरवण्याइतकंच चोरीला जाणंही गंभीर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये काही फोन बनवणाऱ्यांच्या प्लॅटफॉर्म सर्टिफिकेटच्या, म्हणजे फोनची मूळ यंत्रणा साइन करणाऱ्या, किल्ल्या बाहेर गेल्याचं आणि त्यांनी घातक अ‍ॅप साइन झाल्याचं उघड झालं होतं. अँड्रॉइड ९ च्या व्ही-३ पद्धतीत जुनी किल्ली नव्या किल्लीला वारस नेमू शकते, ही चांगली सोय आहे. पण वारस नेमायला जुनी किल्ली हातात लागतेच. म्हणजे चोरीवर तो उपाय आहे, हरवण्यावर नाही. माझ्यासाठी कोड ठेवायच्या रिपॉझिटरीत कीस्टोअर किंवा पासवर्डची प्रॉपर्टीज फाइल टाकणं हा सगळ्यात मोठा अपराध आहे, मग ती रिपॉझिटरी खाजगी असली तरी. एकदा इतिहासात गेलेली फाइल पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसली तरी इतिहासात राहतेच.

आयफोनच्या बाजूचे लोक विचारतात म्हणून थोडक्यात: तिकडे सर्टिफिकेट अ‍ॅपल देतं, तुम्ही फक्त विनंतीची फाइल करता. वितरणाचं सर्टिफिकेट वर्षभरच चालतं, दरवर्षी नूतनीकरणाचं काम मागे लागतं. पण हरवलं तर रद्द करून दुसरं काढता येतं आणि अ‍ॅप स्टोअरवरची अ‍ॅप चालू राहतात.

कीटूलऐवजी दुसरं काही वापरावं का? अँड्रॉइड स्टुडिओत साइन्ड बंडल (प्ले स्टोअरला द्यायची फाइल) करायच्या खिडकीतूनच नवीन कीस्टोअर करता येतं. तिथे मुदत आधीच २५ वर्षं भरलेली असते, म्हणून एकट्याने पहिलं अ‍ॅप करणाऱ्याला मी तीच खिडकी सुचवते. कीस्टोअर एक्स्प्लोरर हा मोफत आणि मुक्त-स्रोत प्रोग्रॅम आहे, पेटी उघडून आतलं चित्रासारखं दाखवतो. किल्ली म्हणजे काय आणि सर्टिफिकेट म्हणजे काय हे शिकवायला तो कीटूलपेक्षा कितीतरी सरस आहे. पण किल्ली तयार करायला मी अजून कीटूलच घेते. दिलेली आज्ञा जशीच्या तशी लिहून ठेवता येते, पाच वर्षांनी वाचून आपण नेमकं काय केलं होतं ते सांगता येतं, आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. ऑनलाइन कीस्टोअर बनवून देणाऱ्या वेबसाइटही दिसतात. त्यांच्याकडे जाऊ नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवर जन्मलेली किल्ली तुमच्या एकट्याची कधीच नसते.

गुण द्यायचे तर अचूकपणाला पाचपैकी पाच, टिकाऊपणाला पाच, आणि वापरणाऱ्याला समजावून सांगण्याला दोन.

साखर नोंदवायचं ते अ‍ॅप नव्या नावाने अजून चालू आहे. त्याची सायनिंगची पेटी दोन एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर आहे, दोन वेगळ्या जागी. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे आणि एका बंद पाकिटातही. पाकिटात एलियस, तयार केल्याची तारीख, जेडीकेची आवृत्ती, चालवलेली आज्ञा आणि शा-२५६ फिंगरप्रिंट कागदावर छापून ठेवला आहे. नुसत्या प्रतीवर माझा विश्वास नाही, म्हणून वर्षातून दोनदा आम्ही असं मशीन घेतो ज्यावर ती पेटी कधी आलेली नाही, तिथे ड्राइव्हवरून ती उतरवतो, अ‍ॅप साइन करतो आणि आपल्या वेबसाइटवरून आधीची आवृत्ती बसवलेल्या फोनवर ते अपडेट म्हणून टाकून बघतो. नोंदी जागेवर राहिल्या पाहिजेत.

मागच्या खेपेला हे काम मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला करायला दिलं. टीममधली सगळ्यात नवीन मुलगी, हीच ती कीबोर्ड अडकला का विचारणारी. तिने पेटी उतरवली, लिस्टची आज्ञा चालवली आणि पाकिटातला कागद पडद्याशेजारी धरला. फिंगरप्रिंटच्या बत्तीस जोड्या असतात. तिने एकेक मोठ्याने वाचली, मी कागदावर बोट सरकवत गेले. बत्तिसावी जुळल्यावर तिने साइन केलं, फोनवर टाकलं, अ‍ॅप उघडलं आणि आलेख माझ्यापुढे धरला. "ताई, सगळ्या नोंदी आहेत." पाकीट आम्ही पुन्हा बंद केलं आणि वर या वेळी तिची सही घेतली.